मागचा ट्रे कोरडा का होता : फ्रिजच्या गळतीच्या नोंदी

आमचा फ्रिज दोन दारांचा, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या प्रकारचा आणि २०१३ मध्ये घेतलेला आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड नसून, ठरावीक वेळाने कंप्रेसर थांबवून बर्फ वितळवणारा हीटर चालू करणारा जुन्या पद्धतीचा फिरता टायमर आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रिजचा हा हीटर जळाला होता आणि तो एका कारागिराने बदलून दिला होता. ही गोष्ट सुरुवातीला मला महत्त्वाची वाटली नव्हती. वाटली असती, तर पुढचे दोन आठवडे वाचले असते.

शनिवार, ६ जुलै २०२४

सकाळी स्वयंपाकघरात फ्रिजसमोर साधारण ताटाएवढे पाणी साचलेले दिसले. आमच्याकडे इंदूरला नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि आज पाण्याचा दिवस होता. शिवाय पाणी शुद्ध करण्याचे यंत्र फ्रिजच्या शेजारच्याच भिंतीवर आहे. त्यामुळे घरातील सर्वांचा पहिला संशय त्या यंत्राच्या नळीवर गेला. आईने तर त्याच्या माणसाला फोन करायलाही सांगितले.

फोन करण्यापूर्वी मी पाण्यातील क्षार मोजण्याचा पेनसारखा छोटा मीटर वापरून पाहिला. नळाच्या पाण्याचा आकडा २४० आला, यंत्रातून गाळून आलेल्या पाण्याचा ५५ आला आणि लादीवरून सिरिंजने ओढून घेतलेल्या पाण्याचा २२ आला. लादीवर सांडल्याने पाण्यातील क्षार वाढू शकतात, कमी होऊ शकत नाहीत. तेव्हा हे पाणी यंत्राचे नव्हते; ते हवेतील वाफेचे, म्हणजे फ्रिजमध्येच तयार झालेले होते. भाजीचा ट्रे बाहेर काढल्यावर त्याखाली दीड-दोन पेले पाणी सापडले आणि किसासाठी आणून ठेवलेल्या भुट्ट्यांची खालची पाने भिजून काळपट झालेली दिसली.

त्यानंतर फ्रिज भिंतीपासून पुढे ओढून मागे पाहिले. बर्फ वितळल्याचे पाणी एका नळीने खाली येऊन कंप्रेसरवर बसवलेल्या ट्रेमध्ये पडते आणि कंप्रेसरच्या उष्णतेने तेथेच उडून जाते. ऐन पावसाळ्यात या ट्रेमध्ये थोडे तरी पाणी हवे. आमचा ट्रे ठणठणीत कोरडा होता आणि त्यात धुळीची पापडी धरली होती. पाणी पुढे येत होते, कारण त्याला मागे जाता येत नव्हते.

संध्याकाळी एका कारागिराला फोनवर हे सारे सांगितले. त्याने ते पुरते ऐकून न घेताच उत्तर दिले, "भिया, गैस निकल गई होगी, भरवा लो." फ्रिज व्यवस्थित थंड करतो आहे, बर्फ जमतो आहे आणि तक्रार फक्त पाण्याची आहे, अशा स्थितीत वायू भरण्याचा काहीही संबंध नाही. वायू कमी झाला तर थंडावा कमी होतो. लादीवर पाणी येत नाही. त्यामुळे हे काम स्वतः करायचे ठरवले.

रविवार, ७ जुलै

सकाळी नऊ वाजता प्लग काढला. फ्रीझर रिकामा केल्यावर त्याच्या तळाशी बोटभर जाडीचा, काचेसारखा पारदर्शक थर दिसला. हिमासारखा पांढरा भुसभुशीत बर्फ वेगळा आणि असा पारदर्शक बर्फ वेगळा. पारदर्शक बर्फ म्हणजे आधी पाणी साचले आणि मग ते गोठले.

येथे मी पहिली चूक केली. फ्रीझरच्या मागच्या पॅनेलचे दोन स्क्रू काढले आणि ते लगेच पुढे ओढले. पॅनेल आतून बर्फाला चिकटले होते; उजवीकडची प्लास्टिकची खाच कट्कन तुटली. दार उघडे ठेवून तासभर थांबलो असतो, तर ते आपोआप सुटले असते. दुसरी चूक त्याहून वाईट होती. खालचा बर्फ स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या-चौथ्या टोच्याला कॉइलच्या, म्हणजे थंडावा देणारा वायू जिच्यातून फिरतो त्या वळणदार नळीच्या, दोन पातळ पात्या वाकल्या. टोक आणखी बोटभर वर लागले असते तर नळीलाच भोक पडले असते आणि मग खरोखरच वायू भरावा लागला असता. नव्या फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए, म्हणजे ज्वालाग्राही आयसोब्युटेन असते. तेथे तर हा उद्योग मुळीच करू नये. कंप्रेसरवरच्या चिठ्ठीत वायूचे नाव लिहिलेले असते, ते आधी वाचावे. आमच्या फ्रिजवर आर-१३४ए, म्हणजे न पेटणारा वायू, लिहिलेले आहे, पण हे मी हत्यार खाली ठेवल्यानंतर वाचले.

पॅनेल निघाल्यावर कॉइल दिसली. तिचा वरचा दोन-तृतीयांश भाग जवळजवळ स्वच्छ होता, पण खालचा भाग आणि त्याखालची ॲल्युमिनियमची पन्हळ बर्फाने भरून गेली होती. या पन्हळीच्या मध्यभागी निचऱ्याचे छिद्र असते, ते दिसतच नव्हते. २० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी एकाच जागी सोडत राहिलो. चाळीस मिनिटांनी पन्हळ मोकळी झाली, परंतु छिद्रात बुचासारखा गोल बर्फ घट्ट बसलेला होता. सिरिंजला सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा जोडला आणि त्याचे टोक थेट त्या बुचावर टेकवून गरम पाणी सोडले. पंधराव्या-सोळाव्या वेळी आत गुडगुड असा आवाज झाला, साचलेले पाणी भोवरा करत खाली गेले आणि मागच्या ट्रेमध्ये धार पडल्याचा आवाज आला.

त्या आवाजाच्या आनंदात मी आणखी लिटरभर पाणी ओतले. ट्रेमध्ये तेवढी जागा नव्हती. कंप्रेसरच्या तारांच्या जोडणीवर पाणी गेले आणि ते पूर्ण वाळेपर्यंत फ्रिज संध्याकाळी सहापर्यंत बंद ठेवावा लागला. दूध शेजारच्यांकडे ठेवले होते. श्रीखंडाचा डबा आणि उकडून ठेवलेले मटार मात्र ओल्या कचऱ्यात गेले.

बुधवार, १० जुलै

ट्रेमध्ये पाणी येत आहे. लादी कोरडी आहे. काम झाले असे समजून हत्यारे माळ्यावर ठेवली.

शनिवार, १३ जुलै

भाजीच्या ट्रेखाली पुन्हा पाणी आले. छिद्र मोकळे करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे; ते का गोठते, हे शोधायला हवे होते, आणि ते मी मागच्या रविवारी शोधलेच नव्हते.

पुन्हा पॅनेल काढले, या वेळी तासभर थांबून. आता मल्टिमीटर घेतला. हीटरची दोन्ही टोके सोडवून मोजल्यावर ३३० ओहम आले. २३० व्होल्टवर तो सुमारे १६० वॅटचा ठरतो, म्हणजे हीटर शाबूत आहे. फार तापल्यास वीज तोडणारा थर्मल फ्यूजही शाबूत निघाला. कॉइलच्या नळीला चिमट्याने लावलेले बायमेटल, म्हणजे तापमानानुसार हीटरची वीज जोडणारी-तोडणारी चकती, मात्र "तुटलेले" दाखवत होते. गुन्हेगार सापडला, असे वाटून मी दुपारी महारानी रोडवरच्या विजेच्या सामानाच्या बाजारात गेलो आणि फ्यूजसह नवे बायमेटल २८० रुपयांना घेऊन आलो.

घरी आल्यावर तारा जोडण्यापूर्वी सहज नवे बायमेटल मोजले. तेही "तुटलेले" होते. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ही चकती थंडीतच जोडली जाते. कॉइल शून्याच्या बरीच खाली गेली की ती हीटरला वीज जाऊ देते आणि बर्फ वितळून कॉइल पुरेशी गरम झाली की वीज तोडते. खोलीच्या तापमानाला ती उघडी असणे हेच तिच्या निरोगीपणाचे लक्षण आहे. खात्रीसाठी स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा आणि मूठभर खडेमीठ घालून, जुने बायमेटल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात बुडवले. पाच-सहा मिनिटांनी पेल्यातून "टिक" असा बारीक पण स्पष्ट आवाज आला आणि मीटरने जोडणी दाखवली. बाहेर काढून तळहातावर धरल्यावर पुन्हा "टिक" झाले. जुनेच परत बसवले. विजेचा सुटा भाग दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे २८० रुपये आता कपाटाच्या खणात पडून आहेत.

रविवार, १४ जुलै

टायमरची पाळी. भाजीच्या कप्प्याजवळच्या झाकणाखाली तो असतो. त्याच्या मधल्या खाचेवर पेनाने रेघ मारून ठेवली होती. तीन तासांनी ती सरकलेली दिसली, म्हणजे त्याची मोटर फिरते. आता त्याच्या सांगण्यावरून हीटर खरोखर चालू होतो का, हे पाहायचे होते. पॅनेल उघडे ठेवून वीज चालू करणे मला धोक्याचे वाटले, म्हणून घराच्या वीजमीटरचा उपयोग केला.

फ्रिज सोडून घरातील सर्व उपकरणे बंद केली. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० वेळा लाल दिवा लुकलुकतो, असे छापलेले आहे. कंप्रेसर चालू असताना तो सुमारे १० सेकंदांनी लुकलुकत होता. टायमर स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू फिरवला. "खट्" झाले, कंप्रेसर थांबला आणि दिवा दर ७ सेकंदांनी लुकलुकू लागला. १६० वॅटचा हिशेब बरोबर ७ सेकंदांचाच येतो. चौदा मिनिटांनी दिवा जवळजवळ थांबला, म्हणजे बायमेटलने वेळेवर वीज तोडली, आणि एकविसाव्या मिनिटाला कंप्रेसर पुन्हा सुरू झाला. या सर्व वेळात पत्नी पंख्याशिवाय बसून सेकंद मोजत होती, हेही येथे नोंदवायला हवे.

म्हणजे हीटर, फ्यूज, बायमेटल आणि टायमर हे चौघेही निर्दोष निघाले. मग मी नळीच्या दुसऱ्या टोकाकडे वळलो. फ्रिजच्या मागे, ट्रेच्या वर, नळीच्या तोंडाला चपट्या चोचीसारखे रबर असते. पाणी आले की ते उघडते आणि एरवी बाहेरची गरम हवा आत जाऊ देत नाही. आमच्या रबराच्या ओठांना काळी बुरशी आणि धूळ यांचा चिकट लगदा धरला होता. ते चिमटीत दाबल्यावर गांडुळासारखी लांब गाठ बाहेर आली. साबणाच्या पाण्याने रबर धुतले, पण ते एका कडेने चिरले, त्यामुळे नवे आणावे लागले. सोमवारी ४० रुपयांना मिळाले. या वेळी खरेच कारण सापडले अशी माझी खात्री झाली होती.

शुक्रवार, १९ जुलै

मंगळवारपासून रोज सकाळी ट्रेमधील पाणी पाहत होतो. मंगळवारी आणि एकादशीच्या दिवशी ते चांगले होते, गुरुवारी कमी झाले आणि आज ट्रे पुन्हा कोरडा आहे. लादीवर किंवा भाजीखाली अजून थेंबही नाही, तरी छिद्र बंद झाले आहे हे ट्रे आधीच सांगतो. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि पहिल्याच आठवड्यात मी ती रोज करायला हवी होती. गळती दिसेपर्यंत थांबण्यात तीन दिवस फुकट गेले.

आणखी एक गोष्ट आठवली. गेल्या पावसाळ्यातही भाजीचा ट्रे अधूनमधून ओला असायचा. तेव्हा आम्ही धुतलेल्या कोथिंबिरीला बोल लावला होता.

शनिवार, २० जुलै

सकाळी पॅनेल काढले. या वेळी बर्फ फारसा साचलेला नसल्याने तो कोठून सुरू होतो, हे पहिल्यांदा स्पष्ट दिसले. पन्हळ कोरडी होती, कॉइल स्वच्छ होती. फक्त छिद्राच्या कडेने बर्फाचे कडे तयार होऊन मधोमध मिटले होते. नळी खालून तुंबली असती, तर बर्फ नळीत आधी जमला असता. येथे तो वरच्या तोंडालाच धरत होता. हीटर कॉइलचा बर्फ वितळवत होता, पण ते बर्फाळ पाणी छिद्रापाशी येईपर्यंत त्याच्याजवळ उष्णता उरत नव्हती आणि कंप्रेसर सुरू झाला की कडेला राहिलेला थेंब गोठत होता. असे दिवसातून दोन-तीनदा झाले, की चार दिवसांत बूच तयार.

मोबाइलमध्ये फोटो काढून पुन्हा महारानी रोडच्या त्याच दुकानात गेलो. काउंटरवरच्या वयस्क दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवून फोटो मोठा करून पाहिला आणि विचारले, "इसकी पत्ती कहाँ है?" मला पत्ती म्हणजे काय, हेच ठाऊक नव्हते. त्याने मागच्या खिळ्यावर टांगलेल्या जुन्या हीटरांच्या जुडग्यातून एक हीटर काढला. त्याच्या मधोमध ॲल्युमिनियमची बोटभर लांब पट्टी गुंडाळलेली होती आणि तिचे शेपूट खाली लोंबत होते. ते शेपूट निचऱ्याच्या छिद्रात उतरते आणि हीटरची उष्णता तेथपर्यंत नेते. २०२२ मध्ये सर्व फ्रिजना चालणारा हीटर बसवताना कारागिराने जुन्या हीटरवरची पत्ती काढून नव्यावर लावलीच नव्हती, आणि जुना हीटर पत्तीसकट घेऊन गेला होता. फ्रिज लगेच गळला नाही, म्हणून कोणाला कळले नाही.

मी तांब्याची तार वापरण्याचा विचार बोलून दाखवला. दुकानदाराचे म्हणणे असे, की तांबेही चालते, पण हीटरचे आवरण आणि पन्हळ ॲल्युमिनियमची आहेत. ओलाव्यात तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून राहिले, तर ॲल्युमिनियम खात जाते. ते मला पटले. त्याने जुन्या हीटरवरची पत्ती पकडीने उकलून माझ्या हातावर ठेवली आणि पैसे घेतले नाहीत.

रविवार, २१ जुलै

पत्ती बसवायला वीस मिनिटे लागली, आणि त्यांतली पंधरा मिनिटे मी ती चुकीच्या पद्धतीने बसवण्यात घालवली. पहिल्यांदा ती हीटरभोवती सैल गुंडाळली गेली. बोटाने हलवली तर फिरत होती. सैल पत्ती उष्णता नेणार नाही, म्हणून ती काढून, हीटरच्या नळीवरचा आणि पत्तीवरचा काळा थर बारीक पॉलिश पेपरने घासून, दोन वेढे घट्ट आवळले. शेपूट साधारण चार सेंटिमीटर छिद्रात उतरवले आणि ते छिद्राच्या प्लास्टिकच्या कडेला टेकणार नाही, इतके मध्यभागी वळवले. आमच्या हीटरला धातूचे आवरण आहे, म्हणून आवळणे शक्य झाले. काचेच्या नळीचा हीटर असेल, तर असे दाबून आवळू नये.

पॅनेल लावण्यापूर्वी सिरिंजने २०० मिली पाणी पन्हळीत सोडले आणि मागे बसवलेल्या मुलाला ओरडायला सांगितले. सात-आठ सेकंदांत ओरड आली.

त्याच बैठकीत दारांचे रबरही तपासले. दहा रुपयांची नोट दारात धरून ओढली. फ्रीझरच्या दाराला वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यात ती काहीच अडथळा न होता निघाली. गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके तेथे दाबून धरल्यावर रबर थोडे फुगले आणि नोट अडकू लागली. फ्रिज पुढे किंचित झुकलेला होता, तेव्हा पुढचे दोन्ही पाय दोन-दोन वळसे उघडून समोरची बाजू उचलली. आता दार अर्धवट सोडले तरी स्वतःहून मिटते.

रविवार, ११ ऑगस्ट

तीन आठवडे झाले. ट्रे एकदाही कोरडा सापडला नाही. पाणी नेमके किती येते, हे पाहण्यासाठी काल सकाळी ट्रे सिरिंजने आणि फडक्याने पूर्ण रिकामा केला आणि आज सकाळी पुन्हा उपसला. वीस मिलीच्या सहा सिरिंज भरल्या, म्हणजे १२० मिली. कंप्रेसरच्या उष्णतेने उडालेले पाणी याखेरीज. २८ अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम पाणी असते, आणि आमच्या घरी फ्रिजचे दार दिवसातून किती वेळा उघडते हे लक्षात घेता हा आकडा मला पटण्यासारखा वाटतो.

खर्च असा झाला : सिरिंज आणि सलाइनची नळी मिळून ३० रुपये, नळीच्या तोंडाचे रबर ४० रुपये, न लागलेले बायमेटल २८० रुपये, एकूण ३५० रुपये, त्यांपैकी खरोखर उपयोगी पडले ते ७०. वेळ चार सुट्यांच्या दिवसांचा मिळून साधारण सोळा तास गेला. चिरलेले जुने रबर कचऱ्याच्या गाडीच्या सुक्या कप्प्यात दिले.

७ जुलैला तुटलेली खाच मात्र तशीच आहे. पंखा सुरू झाला, की पॅनेलचा उजवा कोपरा कुरकुरतो. तेथे आधी पुठ्ठ्याची घडी कोंबली होती, ती दोन दिवसांत ओली होऊन गळून पडली; आता पादत्राणांच्या जुन्या रबरी तळव्याचा कापलेला तुकडा बसवला आहे आणि रात्री आवाज येत नाही.